कुलाबा, सकाळचे अकरा वाजून अकरा मिनिटे

२ सप्टेंबर १८५९, शुक्रवार. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेच्या त्या वर्षाच्या छापील वार्षिक अहवालात या दिवसाचे चुंबकीय आकडे आहेत. एका ठिकाणी तासागणिक घेतलेल्या नोंदी, दुसऱ्या ठिकाणी चुंबकीय वादळ चढले म्हणून मधूनमधून घेतलेल्या ज्यादा नोंदी. दोन्ही नोंदी एकाच वेधशाळेतल्या, एकाच सकाळच्या. वादळाच्या ऐन शिखरावर पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र नेहमीच्या पातळीपेक्षा किती खाली गेले, हे आजच्या एककात काढायला बसले की पहिल्या नोंदीतून १६९१ नॅनोटेस्ला येतात आणि दुसरीतून १२६३.

फरक ४२८ नॅनोटेस्लांचा. मे २०२४ मध्ये जगभर अरोरा दिसला, लडाखमधल्या हानलेच्या कॅमेऱ्यांनीही तांबडे आकाश टिपले. त्या वादळाची जागतिक निर्देशांकावरची खोली होती सुमारे ४०० नॅनोटेस्ला. ती मोजण्याची रीत वेगळी आहे, त्यामुळे ही तुलना काटेकोर नव्हे. तरी अंदाज येतो. कुलाब्याच्या दोन नोंदींमध्ये जी फट आहे, तिच्यात मे २०२४ चे अख्खे वादळ मावते.

या फटीत शिरण्यापूर्वी आदल्या दिवशीचा पुरावा पाहायला हवा. तो इंग्लंडातला आहे आणि पुष्कळांच्या परिचयाचा आहे, म्हणून थोडक्यात.

१ सप्टेंबरला, गुरुवारी, रेडहिल येथील आपल्या खासगी वेधशाळेत रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरचे डाग उतरवून घेत होता. दुर्बिणीतून काचेवर पाडलेली सूर्याची प्रतिमा सुमारे अकरा इंच व्यासाची होती. ११ वाजून १८ मिनिटांनी डागांच्या एका मोठ्या समूहावर शुभ्र, डोळे दिपवणाऱ्या प्रकाशाचे दोन ठिपके उमटले. साक्षीदार हवा म्हणून तो कुणाला तरी बोलावायला धावला. मिनिटभरात परत येऊन बघतो तो ठिपके फिके पडू लागले होते. ११:२३ ला ते नाहीसे झाले. हायगेट येथे रिचर्ड हॉजसन यानेही हेच दृश्य स्वतंत्रपणे पाहिले. त्याने दिलेली वेळ ११:२०. दोघांचे वृत्तान्त रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात शेजारीशेजारी छापले आहेत. एकमेकांशी न बोललेले दोन साक्षीदार आणि वेळेत दोन मिनिटांचा फरक. इतिहासाच्या अभ्यासकाला असा फरक दिलासाच देतो, कारण घोकून दिलेल्या साक्षी तंतोतंत जुळतात.

तिसरा साक्षीदार माणूस नव्हता. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत चुंबकाची हालचाल छायाचित्रणाच्या कागदावर आपोआप उमटत असे. त्या कागदावर सव्वाअकराच्या सुमारास एक लहानसा आकडीसारखा झटका आहे. सौरज्वालेच्या क्ष-किरणांनी वातावरणाचा वरचा थर एकाएकी विद्युत्वाहक बनतो आणि जमिनीवरची चुंबकसूची किंचित हलते, हे आज आपल्याला ठाऊक आहे. कॅरिंग्टनला ते ठाऊक नव्हते. क्यूचा कागद त्याने पाहिला आणि पहाटे चारच्या सुमारास सुरू झालेल्या महावादळाचाही उल्लेख केला. मात्र एका उदाहरणावरून दोन गोष्टींचे नाते जोडू नये, अशी सावधगिरीची पुस्तीही जोडली. अवकाशातल्या हवामानाच्या शास्त्राचा आरंभ या सावधगिरीत आहे, असे मला वाटते.

त्या पहाटेनंतर काय झाले, हे क्यू आणि ग्रीनिचचे कागद पूर्ण सांगत नाहीत. रेघ वर गेली, खाली आली आणि कागदाच्या काठाबाहेर निघून गेली. यंत्र चालू होते, पण टिपायला कागद उरला नव्हता. ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने अलीकडे या कागदांचे अंकीकरण केले. लंडनमध्ये चुंबकीय क्षेत्र मिनिटाला किमान ५०० नॅनोटेस्लांच्या वेगाने बदलत होते, असे त्यातून निघते. यातला ‘किमान’ हा शब्द कागदाच्या काठामुळे आला आहे. शिवाय लंडन उत्तरेला आहे. तिथल्या सूचीवर अरोराच्या पट्ट्यातून वाहणाऱ्या विद्युत्प्रवाहांचा परिणाम इतका मोठा असतो की वादळाची मूळ ताकद त्यातून वेगळी काढणे अवघड जाते.

ही ताकद मोजायला विषुववृत्ताच्या बऱ्याच जवळचे ठिकाण लागते. सूर्याच्या किरीटातून फेकले गेलेले द्रव्य आपले चुंबकीय क्षेत्र सोबत घेऊन येते. त्याची दिशा दक्षिणेकडे असली तर पृथ्वीचे चुंबकीय कवच उघडते आणि पृथ्वीभोवती हजारो किलोमीटर उंचीवर विद्युत्कणांचा एक वलयप्रवाह जोर धरतो. हा प्रवाह जमिनीवरच्या क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक कमी करतो. मुंबईच्या अक्षांशावर हा घटक आज सुमारे ३८ हजार नॅनोटेस्ला आहे. तो किती घटला, यावर वादळाचा आकार ठरतो. १८५९ मध्ये या कामाला योग्य अक्षांशावर, शिखराच्या वेळी जागी असलेली आणि आकडे हातातून न सुटलेली अशी एक जागा कुलाब्याच्या टोकावर होती.

कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली ती आकाश पाहायला आणि बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ द्यायला. चुंबकीय वेध १८४१ मध्ये सुरू झाले. एल्फिन्स्टनचे प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार तेव्हा वेधशाळेचे काम पाहत. ते दिवस जगभर चुंबकीय मोहिमेचे होते. गाउस आणि वेबर यांनी जर्मनीतल्या ग्योटिंगेन येथून चालवलेल्या संघाने अनेक देशांतल्या वेधशाळांना एकाच क्षणी नोंदी घेण्याची सवय लावली होती. कंपनीने मद्रास, सिमला आणि सिंगापूरलाही अशीच यंत्रे बसवली. नियमित मालिकेच्या दृष्टीने कुलाब्याचे आकडे १८४६ पासून धरले जातात. १८५९ मध्ये वेधशाळेची सूत्रे इंडियन नेव्हीचे लेफ्टनंट फर्ग्युसन यांच्याकडे होती.

यंत्रे डब्लिनच्या ग्रबने बनवलेली. त्यातले आपल्या कामाचे यंत्र असे. एक जड पोलादी चुंबकपट्टी दोन समांतर धाग्यांनी टांगलेली. वरचा टेकू फिरवून धाग्यांना इतका पीळ द्यायचा की पट्टी उत्तर-दक्षिण न राहता पूर्व-पश्चिम आडवी यावी. आता पृथ्वीचे क्षेत्र पट्टीला उत्तरेकडे ओढते, धाग्यांचा पीळ तिला उलट खेचतो आणि दोन्हींच्या रस्सीखेचीत पट्टी स्थिर राहते. क्षेत्र जरा कमी झाले की पिळाची सरशी होते आणि पट्टी केसभर वळते. हे वळणे काही अंतरावरच्या दुर्बिणीतून, मोजपट्टीच्या रेघांवर वाचायचे. पट्टी क्वचितच पूर्ण स्थिर असते. ती झुलते, म्हणून झोक्याच्या दोन्ही टोकांचे आकडे घेऊन मध्य काढायचा. मग खोलीतले तापमान लिहायचे, कारण उष्णतेने चुंबकाची ताकद घटते आणि ती वजावट नंतर करावी लागते. हे सारे डोळ्यांनी आणि हाताने, रात्रंदिवस, दर तासाला.

हे डोळे कोणाचे? या यंत्रांजवळच्या एका माणसाचे नाव मराठी वाचकाला चांगले ठाऊक आहे, पण तो त्या सकाळी तिथे नव्हता. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, पंधरा-सोळा वर्षांचे असताना ऑर्लेबारांच्या हाताखाली कुलाब्याला लागले आणि सुमारे दहा वर्षे तिथे होते. १८५९ पर्यंत ते पुण्यात शिकवू लागले होते. पुढे पटवर्धनी पंचांगामागचे गणिती म्हणून आणि लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू म्हणून त्यांची ओळख झाली. त्यांच्या काळाचा उपयोग आपल्याला इतकाच की वेध घेण्याचे रोजचे काम स्थानिक साहाय्यक करत, हे त्यातून दिसते. २ सप्टेंबरला दुर्बिणीशी असाच एखादा साहाय्यक असावा. हे अनुमान आहे, पण बळकट अनुमान आहे.

नियम असा होता की नेहमी दर तासाला वाचायचे आणि चुंबक फार हलू लागला की पंधरा मिनिटांनी, नाहीतर पाच मिनिटांनी. त्या सकाळी नोंदी दाट होत गेल्या आहेत, म्हणजे नियम पाळला गेला. मला या नोंदींच्या दाटीचे विशेष वाटते. आकडा चुकीचा असू शकतो, लिहिताना किंवा छापताना बिघडू शकतो. पण एरवी तासाला एक येणारी नोंद पाच-पाच मिनिटांवर येऊ लागते, तेव्हा समोरची पट्टी स्थिर नव्हती याला वेगळा दाखला लागत नाही.

हे आकडे जगापुढे ठळकपणे आले २००३ मध्ये. अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीचे ब्रूस त्सुरुतानी, ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेझ आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना व शोभना अ‍ॅलेक्स यांनी कुलाब्याच्या नोंदींचा आलेख प्रसिद्ध केला. दीड-दोन तासांत आलेख सुमारे १६०० नॅनोटेस्ला खाली कोसळतो आणि जवळजवळ तितक्याच तडकाफडकी वर येऊ लागतो. त्यांच्या सिद्धान्तानुसार जागतिक निर्देशांक, ज्याला डीएसटी म्हणतात, उणे १७६० पर्यंत गेला असावा.  मार्च १९८९ मध्ये कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास घालवणाऱ्या वादळाचा निर्देशांक होता उणे ५८९. म्हणजे कॅरिंग्टनचे वादळ त्याच्या तिप्पट?

इथून वाद सुरू झाला आणि तो वाद ऐकण्यासारखा आहे. डीएसटी हा तासाभराच्या सरासरीचा आकडा असतो आणि पृथ्वीभोवती वेगवेगळ्या रेखांशांवरच्या चार वेधशाळांवरून तो काढतात: होनोलुलू, सान हुआन, हर्मानस आणि काकिओका. कुलाब्याचा १६०० हा एका ठिकाणचा, एका क्षणाचा आकडा. सिस्को, क्रूकर आणि क्लॉअर यांनी २००६ मध्ये कुलाब्याच्या आकड्यांची तासाभराची सरासरी घेतली तेव्हा उत्तर आले उणे ८५० च्या आसपास. दुसरा आक्षेप आलेखाच्या आकारावर होता. वलयप्रवाह इतका झपाट्याने ओसरत नाही. त्या वेळी मुंबई पृथ्वीच्या सूर्याकडच्या बाजूला होती, मध्यान्हाच्या जवळ. अंतराळातून चुंबकीय रेषांच्या वाटेने ध्रुवप्रदेशात उतरणारे प्रवाह एवढ्या मोठ्या वादळात बरेच खाली सरकतात. मग कुलाब्याची ती खोल दरी काही अंशी त्यांचीच करणी नसेल कशावरून? २००३ च्या हॅलोविन वादळाचे आकडे घेऊन शिनिची ओतानी यांनी २०२२ मध्ये या शक्यतेला नवे बळ दिले. माझे मत असे की आलेखाची टोकदार दरी वलयप्रवाहाची एकट्याची नाही. पण दरी खरी आहे आणि ती मोजली गेली, यात शंका घ्यायला जागा उरलेली नाही.

शंका उरली होती ती मूळ आकड्यांविषयी. ती मिटवायला मूळ कोष्टकांशीच जाणे भाग होते. जपानच्या नागोया विद्यापीठाचे हिसाशी हायाकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८५९ चा वार्षिक अहवाल मिळवला आणि २०२२ मध्ये तिन्ही घटकांचे आकडे नव्याने मांडले: क्षितिजसमांतर, पूर्वेकडचा आणि उभा. लेखाच्या आरंभी सांगितलेली तफावत याच कामात उघड झाली. शिखर त्यांनी ग्रीनिचच्या ६:२० ते ६:२५ या पाच मिनिटांत बसवले. सूर्याकडून द्रव्य पृथ्वीवर येऊन आदळायला १७.१ तास किंवा त्याहून कमी वेळ लागला, असेही दाखवले. एरवी याच प्रवासाला दोन-तीन दिवस लागतात.

या वेळांकडे पाहताना मला एक गोष्ट खटकली. वाचकानेही कागद-पेन्सिल घ्यावी. कुलाबा ७२ अंश ४९ कलांवर. अंशाला चार मिनिटे या हिशेबाने मुंबईची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे. म्हणजे ६:२० ला मुंबईत ११ वाजून ११ मिनिटे झाली होती. तासागणिक नोंद घेणारा माणूस अकरा वाजून अकरा मिनिटांनी नोंद का घेईल? आता ग्योटिंगेनचा रेखांश घ्या, सुमारे ९ अंश ५६ कला. तिथली वेळ ग्रीनिचच्या जवळजवळ ४० मिनिटे पुढे. ६:२० मध्ये ४० मिळवा. बरोबर सात.

दुसरा पडताळा. क्यूचा झटका सव्वाअकराचा. त्यात १७.१ तास मिळवले की पहाटेचे जवळजवळ ४:२० होतात, मुंबईचे ९ वाजून ११ मिनिटे, आणि ग्योटिंगेनचे बरोबर पाच. तेव्हा माझा तर्क असा: कुलाब्याचा ‘तास’ मुंबईच्या घड्याळाचा नव्हता, तो गाउसच्या गावाचा होता. वादळ नेमके ४:२० ला सुरू झाले असे नव्हे. त्या ठोक्याला पट्टी वाचली गेली तेव्हा ते येऊन पोचलेले होते आणि आधीच्या ठोक्याला आलेले नव्हते, इतकेच. ‘किंवा त्याहून कमी’ या शब्दांचा उगम असा तासाच्या ठोक्यात असावा. कॅरिंग्टनने लिहिलेली ‘पहाटे चारच्या सुमारास’ ही वेळही याच्याशी जुळते.

शिखराचा आकडाही याच दृष्टीने पाहता येतो. ग्योटिंगेनच्या सातच्या ठोक्याला नियमाची नोंद. तिच्या मागेपुढे पाच-पाच मिनिटांच्या ज्यादा नोंदी. १६९१ आणि १२६३ या दोन नोंदींमध्ये दोन-चार मिनिटे गेली असतील, तर तेवढ्यात ४२८ नॅनोटेस्लांची उसळी अशक्य नाही. लंडनमध्ये मिनिटाला पाचशेचा वेग होता, हे वर आलेच आहे. मात्र मुंबईचे अक्षांश लंडनचे नव्हेत, तिथल्या वेगावरून इथला वेग ठरवणे धोक्याचे. दुसरी शक्यता अशी की पट्टी एवढी झुलत होती की मध्य काढणेच कठीण झाले असेल. तिसरी, छापताना एखादा अंक बिघडला असेल. पहिली शक्यता मला सर्वांत सरळ वाटते. तरीही हायाकावा आणि सहकाऱ्यांनी एकाच आकड्यावर बोट न ठेवता तीन पर्याय हिशेबात घेतले, ते योग्यच केले. नेहमीचा दैनंदिन चढउतार वजा करून, अक्षांशाची दुरुस्ती लावून, तासाभराची सरासरी आली ती उणे ९१८, उणे ९४९ आणि उणे ९७९. शिखराचे दोन आकडे सव्वाचारशेने लांब असले, तरी सरासरीत ही तिन्ही उत्तरे साठेक नॅनोटेस्लांच्या आत येतात.

याच कोष्टकांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली. चार दिवस आधी, २८-२९ ऑगस्टलाही एक मोठे वादळ येऊन गेले होते आणि कुलाब्याला तेव्हाही क्षेत्र ५७० नॅनोटेस्लांच्या आसपास किंवा त्याहून अधिक घसरले होते. सप्टेंबरचे वादळ आले तेव्हा पृथ्वीचे कवच आधीच शिणलेले होते, असा तर्क त्यावरून करता येतो.

आता एक उणीव. सप्टेंबरच्या त्या वादळात क्यूबा, जमैका, एल साल्वादोरपर्यंत आकाश तांबडे झाले. जपानमधल्या आणि चीनच्या हपेई प्रांतातल्या जुन्या नोंदींतही ते आले. मुंबईचे काय? कालमापन केले की या शांततेचा उलगडा होतो. शिखर मुंबईच्या भर दिवसा अकराला. सूर्य डोक्यावर येत होता आणि महिना पावसाळ्याचा. अमावस्या २८ ऑगस्टच्या सुमारास येऊन गेलेली, म्हणजे भाद्रपद शुद्ध पक्षाचे पहिले दिवस, गणेशचतुर्थीच्या आगेमागे. बुडणाऱ्या चंद्रकोरीचे ते दिवस अरोरा पाहायला सोयीचे होते, पण ज्या देशांत तेव्हा रात्र होती त्यांनाच. दुर्वा आणि फुले आणायला निघालेल्या मुंबईकरांच्या डोक्यावर, सूर्यप्रकाशाआड, काय चालले होते ते वेधशाळेतल्या एका पट्टीला कळत होते.

रात्र मुंबईच्या वाट्याला आली ती बारा वर्षांनी. ४ फेब्रुवारी १८७२, रविवार. ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या ६ फेब्रुवारीच्या अंकात बातमी आहे: सूर्यास्तानंतर अरोरा दिसू लागला, रंग पालटत राहिला, पहाटे तीनच्या सुमारास गडद जांभळा झाला. तारायंत्राच्या समुद्राखालच्या आणि जमिनीवरच्या दोन्ही मार्गांवर काही तास अडथळा आला, असेही त्यात आहे. मुंबईत अरोरा! नुसत्या बातमीवर मी विश्वास ठेवायला कचरलो असतो. जांभळी पहाट दुसऱ्या कारणांनीही होते आणि वर्तमानपत्राचे ‘दिसला’ हे क्रियापद पुष्कळदा ऐकीव असते. पण तारेवरचा अडथळा ऐकीव नसतो आणि त्याच रात्री कुलाब्याचे चुंबकही कोसळले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने कुलाब्याच्या आधारे या वादळाला उणे ८३४ किंवा त्याहून खोल ठरवले. सुदानमधल्या खार्टूमहूनही अरोराची नोंद आहे. तीन वेगळ्या जातींचे पुरावे एका रात्रीत मिळत असतील, तर मुंबईच्या बातमीला मी ‘बहुधा खरी’ या रकान्यात घालीन. ज्या सूर्यडागांतून हे वादळ निघाले तो समूह मध्यम आकाराचाच होता, ही त्यातली अस्वस्थ करणारी बाब. डाग मोठा तर वादळ मोठे, असा सोपा ठोकताळा अंदाज वर्तवणाऱ्याला वापरता येत नाही.

ही मालिका अखंड राहिली याचे श्रेय ज्याला द्यायचे तो माणूस १८५९ सालीच जन्मला. नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस १८९६ मध्ये वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले तेव्हा कुलाब्याच्या सूक्ष्म चुंबकांचे दिवस भरले, हे त्यांनी ओळखले. रुळांतून वाहणाऱ्या विजेने रोजच एक खोटे वादळ उठले असते. समुद्रापलीकडे अलिबागला, लोखंडाचा अंश नसलेल्या सामग्रीची इमारत बांधून, १९०४ मध्ये नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. मुंबईच्या कुलाब्यातून यंत्रे त्या काळच्या कुलाबा जिल्ह्यात गेली. केरूनानांचा जन्म त्याच परिसरातल्या नागावचा.

मूस यांनी एक काम असे केले की त्याची किंमत आज कळते. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे त्यांनी दोन्ही ठिकाणी वेध चालू ठेवले. दोन जागांच्या आकड्यांतला कायमचा फरक त्यामुळे निश्चित झाला आणि जुनी मालिका नव्या मालिकेला सांधता आली. ट्राम १९०७ मध्ये धावली. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या वेधांचे त्यांनी केलेले विवेचन दोन खंडांत १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. तो सांधा नीट बसला नसता, तर कुलाब्यापासून अलिबागपर्यंत एक सलग रेघ आपल्याला ओढता आली नसती. अलिबागला मोजणी आजही चालू आहे.

वीजवाहिन्या, उपग्रह, विमानांचे ध्रुवीय मार्ग यांना सर्वांत वाईट दिवशी किती सोसावे लागेल हे ठरवताना जगभर कॅरिंग्टनच्या वादळाचा दाखला घेतात. त्या दाखल्याला संख्या लागते आणि कमी अक्षांशावरची ती संख्या मुख्यतः कुलाब्याच्या कोष्टकातून येते. उणे ९०० की उणे १७००, यावर रोहित्रांची परीक्षा किती कडक घ्यायची ते अवलंबून. इशारा मिळण्याची मुदतही फारशी वाढलेली नाही. सौरज्वाला दिसली की द्रव्य निघाल्याचे कळते, पण त्याच्या पोटातले चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे आहे की नाही, हे ते पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या एल-१ या बिंदूपाशी पोचेपर्यंत खात्रीने सांगता येत नाही. तिथून पुढे हातात उरतात पंधरा मिनिटे ते तासभर. १८५९ सारखे वेगवान द्रव्य असेल तर पंधराच्या बाजूला.

त्या बिंदूवर आता भारताचेही यान आहे. आदित्य एल-१ वर सूर्याचा किरीट पाहणारे उपकरण बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे आहे, अतिनील प्रकाशात सूर्यबिंब टिपणारी दुर्बीण पुण्याच्या आयुकाची आणि एका लांब दांडीवर चुंबकमापीही आहेत. यान ६ जानेवारी २०२४ ला आपल्या कक्षेत पोचले.

त्याचे उड्डाण श्रीहरिकोट्याहून झाले ते २ सप्टेंबर २०२३ रोजी, सकाळी ११ वाजून ५० मिनिटांनी. तारखेचा योगायोग पुष्कळांच्या लक्षात आला असेल. वेळेचा हिशेब मात्र मुंबईच्या जुन्या वेळेत केल्याशिवाय दिसत नाही. भारतीय प्रमाणवेळ मुंबईच्या स्थानिक वेळेच्या ३९ मिनिटे पुढे आहे. ११:५० मधून ३९ वजा केले की उरतात अकरा वाजून अकरा मिनिटे.